मासिक अहवालानुसार सर्व्हर निरोगी, पण रोज सकाळी काउंटर अडतात: असा अहवाल कसा वाचावा?

तेरीज

सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातील एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात काम करते. माझी मूळ नेमणूक हिशेब विभागातली आहे, परंतु गेली ३ वर्षे संगणक विभागाची जबाबदारीही माझ्याकडेच आहे. आमच्या १४ शाखा आहेत आणि त्या सर्वांचे काउंटर भाड्याने घेतलेल्या एकाच आभासी सर्व्हरवर चालतात. त्याला सीपीयूचे ४ कोअर आणि १६ जीबी मेमरी आहे. लिनक्सवर पुढे शाखांच्या विनंत्या स्वीकारणारा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, त्यामागे टॉमकॅटवर चालणारे जावा अॅप्लिकेशन आणि त्याच सर्व्हरवर पोस्टग्रेसचा डेटाबेस, अशी मांडणी आहे. देखभालीचे काम एका कंपनीकडे असून ती दर महिन्याला देखरेखीचा अहवाल पाठवते.

मागील महिन्याच्या अहवालातील मुख्य आकडे असे आहेत. सीपीयूचा सरासरी वापर १८ टक्के, मेमरीचा वापर ९२ टक्के, डिस्क ६१ टक्के आणि उपलब्धता ९९.९५ टक्के. रोजच्या आलेखात पहाटे ५ ते पावणेसहाच्या दरम्यान एक लहानसा उंचवटा दिसतो. तो पहाटेच्या बॅकअपचा असल्याने काळजीचे कारण नाही, असे कंपनीने सांगितले आहे.

प्रत्यक्षात शाखांची तक्रार वेगळी आहे. सकाळी साडेदहाच्या सुमारास, म्हणजे काउंटरवर गर्दी सुरू होते त्याच वेळी, पासबुकाची नोंद, पावती, पिग्मी एजंटांचा भरणा असे सगळेच काम अडते. पडद्यावर चक्र फिरत राहते आणि कधीकधी अर्ध्या मिनिटाने चूक दाखवून व्यवहार परत येतो. सव्वाअकरापर्यंत हे चालते आणि मग आपोआप सुरळीत होते. समोर उभ्या असलेल्या सभासदाला रोखपालाने काय उत्तर द्यायचे, हा माझ्यासाठी अहवालातल्या कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा प्रश्न आहे.

मेमरी ९२ टक्के भरली असल्याने ती ३२ जीबी करावी, असा कंपनीचा प्रस्ताव आहे. तो पुढील संचालक मंडळाच्या सभेसमोर ठेवायचा असून त्यावर अभिप्राय मला द्यायचा आहे. सभासदांचा पैसा खर्च होणार असल्याने तो अभिप्राय समजून-उमजून द्यावा अशी माझी इच्छा आहे. हा अहवाल आणि शाखांचा अनुभव यांचा मेळ कसा घालावा, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

घाटमाथा

ताई, प्रश्न इतका नीट मांडल्याबद्दल आभार. आपण दिलेल्या चारही आकड्यांपैकी एकही खोटा असेल असे मला वाटत नाही, पण चारपैकी एकही आकडा आपल्या तक्रारीबद्दल बोलत नाही.

मेमरीपासून सुरुवात करतो, कारण खर्चाचा प्रस्ताव तिच्यावरच उभा आहे. लिनक्स मोकळी मेमरी मोकळी ठेवत नाही. डिस्कवरून एकदा वाचलेली फाइल पुन्हा लागेल या हिशेबाने ती शिल्लक मेमरीत धरून ठेवतो आणि एखाद्या प्रोग्रामला जागा लागली की ती लगेच सोडून देतो. ही धरून ठेवलेली मेमरीसुद्धा ‘वापरात’ मोजली, तर काही दिवस चाललेला जवळपास प्रत्येक डेटाबेस सर्व्हर ९० टक्क्यांच्या वर दिसेल. म्हणून ‘फ्री’ या आज्ञेच्या उत्तरातील ‘अव्हेलेबल’ हा रकाना पाहावा. हा अंदाज लिनक्सच्या ३.१४ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःच देतो. त्याच्या जोडीला स्वॅपमध्ये, म्हणजे मेमरी अपुरी पडल्यावर वापरल्या जाणाऱ्या डिस्कवरील जागेत, सतत ये-जा होते आहे का, हे ‘व्हीएमस्टॅट’ या आज्ञेत पाहावे. अव्हेलेबल भरपूर आहे आणि स्वॅपची हालचाल शून्य आहे, असे दिसले तर ९२ टक्के हा आकडा मेमरी वाढवण्याचे कारण होऊ शकत नाही.

डिस्क ६१ टक्के म्हणजे जागा ६१ टक्के भरली आहे. कपाट किती भरले आहे यावरून कपाटासमोर किती माणसे खोळंबली आहेत हे कळत नाही. डिस्क किती वेळ व्यस्त होती आणि तिच्याकडे मागितलेले काम पुरे व्हायला किती मिलिसेकंद लागले, हे ‘आयोस्टॅट’ ही आज्ञा सांगते. तो भाग अहवालात नसेल तर मागून घ्यावा.

उपलब्धतेचा हिशेब तर आपण माझ्यापेक्षा चोख कराल. ३० दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटे असतात, म्हणजे ९९.९५ टक्के उपलब्धतेत सुमारे २१.६ मिनिटे सर्व्हर बंद राहू शकतो. आपली तक्रार रोज ४५ मिनिटांची आहे. कामाचे २५ दिवस धरले तर ती १,१२५ मिनिटे, म्हणजे पावणेएकोणीस तास होते. ही सगळी वेळ अहवालाने ‘उपलब्ध’ मध्ये धरली आहे, कारण बहुधा त्यांची तपासणी दर मिनिटाला फक्त लॉगिनचे पान उघडते की नाही एवढेच पाहते. ते पान उघडत असेलच. रोखपालाची पावती निघते की नाही, हे तपासणारे तिथे कोणी नाही.

तात्पर्य, सध्या प्रस्तावावर ‘पुराव्याअभावी प्रलंबित’ असा शेरा द्यावा असे माझे मत आहे.

लॉगवाचक

घाटमाथा यांच्याशी मी सहमत आहे. मात्र त्यांनी सर्व्हरच्या बाजूने सुरुवात केली. मी नेहमी वापरणाऱ्याच्या बाजूने करतो. सर्व्हरचे आरोग्य हे साधन आहे. आधी हे ठरवावे की शाखेतून आलेल्या एका विनंतीला उत्तर मिळायला किती वेळ लागला, आणि तो वेळ कोणत्या घटकेला वाढला.

ही नोंद एनजिनएक्स ठेवू शकतो. त्याच्या लॉगच्या, म्हणजे प्रत्येक विनंतीच्या नोंदवहीच्या, रचनेत ‘रिक्वेस्ट टाइम’ आणि ‘अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम’ असे दोन रकाने जोडता येतात. पहिल्यात विनंती आल्यापासून उत्तर पूर्ण पाठवेपर्यंतचा वेळ असतो. दुसऱ्यात मागच्या टॉमकॅटने घेतलेला वेळ असतो. पहिला मोठा आणि दुसरा लहान असेल तर शाखेची इंटरनेट जोडणी संथ असण्याचा संभव आहे. दोन्ही मोठे असतील तर दुखणे अॅप्लिकेशन किंवा डेटाबेस या भागात आहे. मूळ रचनेत हे रकाने नसतात, म्हणून आधी ते जोडून घ्यावे लागतील.

नोंदी हातात आल्या की त्यांची सरासरी काढू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. समजा १०० विनंत्यांपैकी ९५ विनंत्या ०.२ सेकंदात पूर्ण झाल्या आणि ५ विनंत्यांना ३० सेकंद लागले. सरासरी १.६९ सेकंद येते. प्रत्यक्षात १.६९ सेकंद कोणीच थांबलेले नाही. बहुतेकांना काहीच त्रास झाला नाही आणि पाच जण अर्धा मिनिट ताटकळले. सीईटीच्या निकालांमुळे पर्सेंटाइल हा शब्द आपल्याकडे घराघरांत पोहोचला आहे; तोच येथे वापरायचा. ५० वा पर्सेंटाइल म्हणजे मधला अनुभव. ९५ वा म्हणजे असा वेळ, ज्याच्या आत १०० पैकी ९५ विनंत्या पूर्ण झाल्या. हे दोन्ही आकडे दर १५ मिनिटांच्या गटासाठी काढावेत. आणखी एक सावधगिरी म्हणजे, १४ शाखांचे १४ वेगवेगळे पर्सेंटाइल काढून त्यांची सरासरी घेणे गणिताच्या दृष्टीने चूक आहे. सर्व मूळ नोंदी एकत्र करूनच तो आकडा काढावा लागतो.

हे झाल्यावर साडेदहा ते सव्वाअकरा या वेळेतील ९५ वा पर्सेंटाइल येथे कळवावा.

तेरीज

आपण सुचवलेले रकाने कंपनीकडून जोडून घेतले आणि सोमवार ते बुधवार अशा ३ दिवसांच्या नोंदी तपासल्या. उत्तराने मी अधिकच गोंधळले आहे.

मेमरीबाबत घाटमाथा यांचे म्हणणे खरे ठरले. अव्हेलेबल रकान्यात ८ जीबीहून अधिक दिसते आणि स्वॅपची हालचाल नाही. पण लॉगमध्ये १०:३० ते ११:१५ या वेळेतील ९५ वा पर्सेंटाइल फक्त ०.३ सेकंद आहे. तिन्ही दिवशी जवळपास तेवढाच. त्याच तिन्ही दिवशी मी स्वतः मुख्य शाखेच्या काउंटरमागे उभी होते आणि पावतीला २०-२५ सेकंद लागताना डोळ्यांनी पाहिले आहे. कंपनीचे म्हणणे असे आहे की, लॉग स्वच्छ असल्याने दोष शाखांच्या इंटरनेटचा आहे. हे मान्य करावे का? त्या ४५ मिनिटांत एकूण २१० विनंत्यांची नोंद आहे.

रांगेतला

ताई, कृपया अद्याप काहीही मान्य करू नका. १४ शाखा, गर्दीची वेळ आणि ४५ मिनिटांत फक्त २१० विनंत्या? म्हणजे एका शाखेमागे १५. काउंटर उघडताना एकट्या मुख्य शाखेत याहून अधिक विनंत्या व्हायला हव्यात. हा आकडा संध्याकाळचा वाटतो.

लॉगमधील वेळेच्या शेवटी काय लिहिले आहे ते पाहावे. ‘+०५३०’ असेल तर मी चुकलो. ‘+००००’ असेल तर सर्व्हरचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर आहे, आणि ती आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे असते. मग आपण तपासलेले १०:३० ते ११:१५ म्हणजे आपल्याकडची दुपारचे ४ ते पावणेपाच ही वेळ, म्हणजे रोख खिडकी बंद झाल्यानंतरची. साडेदहाची गर्दी त्या लॉगमध्ये सकाळी ५ वाजता नोंदलेली असेल. आता अहवालातील पहाटे ५ ते पावणेसहाचा उंचवटा पुन्हा पाहावा.

माझा अंदाज खरा असेल तर गोष्ट अशी घडली असावी. बॅकअपची वेळ ठरवताना कोणीतरी ‘पहाटे ५’ असे क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामे आपोआप सुरू करणाऱ्या साधनात, लिहिले. क्रॉन सर्व्हरच्या घड्याळाने चालतो, त्यामुळे बॅकअप रोज सकाळी साडेदहाला सुरू होतो. अहवालही त्याच घड्याळाने छापला जातो, म्हणून अहवाल वाचणाऱ्या प्रत्येकाला तो पहाटेचाच वाटतो.

आता बॅकअपमुळे काउंटर का अडावेत, आणि तेही सीपीयू १८ टक्के असताना? पीजी डंप हा पोस्टग्रेसचा बॅकअप घेणारा प्रोग्राम कोणाचे व्यवहार रोखून धरत नाही. पण तो सगळा डेटाबेस डिस्कवरून वाचतो, दाबून लहान करतो आणि बहुधा त्याच डिस्कवर लिहितो. हे काम एकाच कोअरवर चालते, त्यामुळे तो कोअर पूर्ण गुंतला तरी ४ कोअरच्या सर्व्हरवर आलेखात २५ टक्केच भर पडते. आणि दिवसाच्या १,४४० मिनिटांपैकी ४५ मिनिटे एखादी गोष्ट १०० टक्के व्यस्त राहिली तरी दिवसाच्या सरासरीत तिचा वाटा जेमतेम ३ टक्के असतो.

डिस्क मात्र गुदमरते. रांगेच्या साध्या गणितात एखादे साधन ५० टक्के व्यस्त असेल तर कामाला लागणारा वेळ दुप्पट होतो, ८० टक्क्यांना पाचपट आणि ९० टक्क्यांना दहापट. त्याचा परिणाम जोडण्यांच्या साठ्यावर होतो. जावा अॅप्लिकेशनमध्ये डेटाबेसशी बोलण्यासाठी आधीच उघडून ठेवलेल्या जोडण्यांचा साठा असतो; अनेक ठिकाणी त्यासाठी हिकारी वापरतात. काही बदल केला नसेल तर त्यात १० जोडण्या असतात आणि जोडणी मिळाली नाही तर ३० सेकंद वाट पाहून तो चूक कळवतो. आपण ‘अर्ध्या मिनिटाने चूक’ असे लिहिलेत तेव्हाच मला हे सुचले होते. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम येथे अगदी चपखल लागू होतो. एका वेळी गुंतलेल्या जोडण्यांची संख्या म्हणजे दर सेकंदाला येणारी कामे गुणिले प्रत्येक कामाला लागणारा वेळ. सेकंदाला १२ कामे आणि प्रत्येकी ०.१ सेकंद असेल तर १.२ जोडण्या पुरतात. डिस्क अडल्याने तेच काम १ सेकंदाचे झाले की १२ जोडण्या लागतात, आणि आपल्याकडे आहेत १०. तिथून पुढे रांग संपत नाही, वाढतच जाते. सभासद तेवढेच, कामे तीच, सीपीयू रिकामा, आणि तरीही काउंटर बंद.

हे सिद्ध करायला ‘सार’ हे साधन पुरेसे आहे. ते बसवलेले असेल तर साधारणपणे दर १० मिनिटांनी नोंद ठेवते. लॉगच्या घड्याळाने ५ ते ६ या वेळेतील आयओवेट (डिस्कची वाट पाहण्यात गेलेला सीपीयूचा वेळ) आणि लोड ॲव्हरेज पाहावे. लिनक्समधील लोड ॲव्हरेज केवळ सीपीयूची रांग मोजत नाही. डिस्कची वाट पाहत अडकलेली कामेही त्यात धरली जातात. त्यामुळे सीपीयू मोकळा आणि लोड ४ च्या, म्हणजे कोअरच्या संख्येच्या, बराच वर, असे चित्र दिसले तर संशयाला जागा उरत नाही.

तेरीज

आपला अंदाज अक्षरशः खरा ठरला. लॉगच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘+००००’ आहे. मी तीन दिवस त्या ओळींकडे पाहत होते आणि ते शून्य माझ्या लक्षात आले नाहीत.

सर्व्हरचे घड्याळ जागतिक वेळेवर आहे आणि क्रॉनमध्ये बॅकअप ५ वाजता लावलेला आहे. लॉगमधील ५:०० ते ५:४५, म्हणजे आपल्या साडेदहा ते सव्वाअकरा या वेळेतील ९५ वा पर्सेंटाइल बुधवारी १४.६ सेकंद होता. मधला अनुभवही २ सेकंदांच्या वर होता. सारच्या नोंदीत त्याच वेळी आयओवेट ३८ ते ४६ टक्के आणि लोड ॲव्हरेज ९ ते ११ आहे. अॅप्लिकेशनच्या लॉगमध्ये जोडणी न मिळाल्याच्या चुका आहेत आणि प्रत्येकीसमोर ३०,००० मिलिसेकंद असे लिहिलेले आहे.

आता माझ्यासमोर दोन प्रश्न आहेत. बॅकअपची वेळ बदलणे पुरेसे आहे की जोडण्यांचा साठाही वाढवावा? आणि मेमरीच्या प्रस्तावावर मी नेमका काय अभिप्राय लिहावा?

रांगेतला

साठ्याला तूर्त हात लावू नये. डिस्क अडलेली असताना १० ऐवजी ४० जोडण्या दिल्या तर ४० कामे एकाच वेळी त्या डिस्कवर तुटून पडतील आणि प्रत्येक काम आणखी संथ होईल. आधी बॅकअप हलवावा, एक आठवडा मोजावे आणि मगच पुढचे ठरवावे. एका वेळी एकच बदल केला तरच कशामुळे काय सुधारले हे कळते.

लॉगवाचक

बॅकअप आपल्या पहाटे ३ वाजता हवा असेल तर क्रॉनमध्ये २१:३० लिहावे लागेल. यात वारही बदलतो, हे लक्षात ठेवावे. आपला सोमवार पहाटे ३ म्हणजे त्या घड्याळातील रविवार रात्री साडेनऊ. सोमवार ते शनिवार एवढेच बॅकअप ठेवले असतील तर क्रॉनमध्ये रविवार ते शुक्रवार असे लिहावे, अन्यथा आठवड्यातील एक बॅकअप निसटेल. घड्याळच भारतीय वेळेवर आणावे असे कोणी सुचवील. पण चालू डेटाबेसच्या सर्व्हरवर तो बदल अॅप्लिकेशनच्या निर्मात्याला विचारल्याशिवाय करू नये, कारण व्याज आकारणी किंवा दिवसअखेरीची तारीख त्या घड्याळावर अवलंबून असू शकते. अहवाल मात्र भारतीय वेळेत छापून द्यावा, ही मागणी आजच करावी. त्याने सर्व्हरमध्ये काहीच बदलत नाही.

घाटमाथा

मेमरीबाबत मी आधी घेतलेली भूमिका थोडी सुधारतो, कारण संचालकांपुढे अर्धवट सत्य जाऊ नये. मेमरी ३२ जीबी केली असती तर तक्रार कदाचित खरोखरच कमी झाली असती. डेटाबेसचा मोठा भाग मेमरीत मावला असता, बॅकअपचे वाचन डिस्कवर गेले नसते आणि साडेदहाची कोंडी सौम्य झाली असती. मग सर्वांची अशी समजूत झाली असती की दोष मेमरीचाच होता. पुढे डेटाबेस वाढल्यावर तीच कोंडी परत आली असती आणि तेव्हा ६४ जीबीचा प्रस्ताव आला असता. म्हणून अभिप्रायात ‘मेमरीचा उपयोग नाही’ असे लिहू नका. ‘कारण सापडले आहे, ते खर्चाविना दूर करता येते, त्यानंतरच्या मोजणीवर मेमरीचा विचार करावा’ असे लिहा.

अहवालाबाबत आणखी एक मागणी आपण करावी. महिन्याची तुलना महिन्याशी न करता सारख्या दिवसाची सारख्या दिवसाशी करून मागावी. आपल्या भागात कारखान्याचे ऊसबिल जमा होते त्या दिवशीची गर्दी आणि पावसाळ्यातल्या एखाद्या मंगळवारची गर्दी यांची सरासरी काढून काहीही कळत नाही. ऊसबिलाच्या दिवशी प्रत्येक १५ मिनिटांत किती विनंत्या आल्या, ९५ वा पर्सेंटाइल किती होता, किती विनंत्या चुकल्या आणि डिस्क किती व्यस्त होती, हे एका पानावर मिळाले तर बाकीची वीस पाने नसली तरी चालतील.

तेरीज

आठ दिवसांनी लिहीत आहे. बॅकअप पहाटे ३ वाजता, वारांचा हिशेब तपासून हलवला. साडेदहा ते सव्वाअकरा या वेळेतील ९५ वा पर्सेंटाइल आता ०.८ सेकंद आहे आणि ३० सेकंदांची चूक आठवडाभरात एकदाही आली नाही. घाटमाथा यांच्या शब्दांत अभिप्राय दिला आणि प्रस्ताव सहा महिन्यांसाठी पुढे ढकलला गेला. कंपनीने अहवाल भारतीय वेळेत देण्याचे आणि पर्सेंटाइलचे पान जोडण्याचे मान्य केले आहे; त्यांनीही ही गोष्ट मोकळेपणाने स्वीकारली, हे येथे नोंदवणे मला योग्य वाटते.

गोंगाट शांत झाल्यावर मात्र एक जुने दुखणे स्पष्ट दिसू लागले आहे. रविवारी डेटाबेस पुन्हा सुरू करून पीजी स्टॅट स्टेटमेंट्स हे, कोणत्या क्वेरीला (डेटाबेसकडे केलेल्या मागणीला) किती वेळ लागतो हे मोजणारे, विस्तारक चालू करून घेतले. त्यात पिग्मी एजंटांच्या वसुलीची यादी काढणारी एकच क्वेरी एकूण वेळेत सर्वांत वर आहे. ती प्रत्येक वेळी सुमारे ४ सेकंद घेते आणि दुपारी ४ नंतर, एजंट भरणा करायला येतात तेव्हा, पुन्हा पुन्हा चालते. डेटाबेस ती कशी चालवतो याचा आराखडा निर्मात्याकडे पाठवला आहे. उत्तर आले की त्यासाठी वेगळा धागा सुरू करीन. आपण तिघांनी दिलेल्या वेळेबद्दल मनापासून आभार.